ठोसा सोसण्याची तालीम : मुष्टियुद्धातील ‘अंग मुरवण्या’च्या कल्पनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मुष्टियुद्ध हा मानवाच्या प्राचीन क्रीडाप्रकारांपैकी एक आहे. या खेळात ठोसा मारण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व ठोसा सोसण्याच्या ताकदीला दिले गेले आहे. लाल मातीत मेहनत करणाऱ्या मल्लाचे अंग जसे हळूहळू मुरते, तसेच मुष्टियोद्ध्याचे डोके, जबडा व पोटही सरावाने मुरवता येते, असा समज इंग्लंड-अमेरिकेतील आखाड्यांत पिढ्यान्पिढ्या रूढ होता. आजही अनेक व्यायामशाळांत तो कमीअधिक प्रमाणात आढळतो. ज्याला मार लागला तरी तो खाली पडत नाही, त्याची हनुवटी ‘दगडी’ आणि जो एका ठोशात कोसळतो, त्याचा जबडा ‘काचेचा’ असे म्हटले जाते. मात्र ही दगडी हनुवटी जन्मजात असते की कमावता येते, हा प्रश्न केवळ क्रीडाशास्त्राचा नाही. त्याच्या उत्तरावर अनेक तरुणांचे पुढील आयुष्य अवलंबून राहिले आहे.

प्रस्तुत लेखात अठराव्या शतकापासून आजपर्यंत या कल्पनेत कसकशी स्थित्यंतरे होत गेली, याचा आढावा घेतला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, ‘सोसणे’ या एकाच शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी एकत्र आल्या. त्वचा, स्नायू, श्वास व धैर्य यांना तालीम देता येते, ही पहिली गोष्ट अनुभवाने खरी ठरली. तिच्या यशामुळे मेंदूलाही तालीम देता येते, ही दुसरी गोष्ट कोणत्याही पुराव्याविना खरी मानली गेली. या गल्लतीची किंमत मुष्टियोद्ध्यांनी मोजली. विषय विस्तृत असल्याने येथील विवेचन प्रामुख्याने इंग्लंड व अमेरिकेतील मुष्टियुद्धापुरते मर्यादित ठेवले आहे.

१. उघड्या मुठींचा काळ :

आधुनिक मुष्टियुद्धाच्या नियमांचा आरंभ लंडनमधील जॅक ब्रॉटन याच्या १७४३ च्या नियमावलीपासून मानला जातो. त्या काळी मुठी उघड्या असत. योद्धा खाली पडला की फेरी संपे आणि अर्ध्या मिनिटात त्याने आखाड्याच्या मध्यभागी आखलेल्या जागी परत येऊन उभे राहावे, असा दंडक होता. म्हणजेच पडणे हा पराभव नव्हता, न उठणे हा पराभव होता. स्वाभाविकच, मार खाऊन पुन्हा उभे राहण्याची क्षमता हाच योद्ध्याचा सर्वोच्च गुण ठरला. या गुणाला तेव्हाच्या इंग्रजीत ‘बॉटम’ असा शब्द होता. दम आणि हिंमत या दोहोंचा त्यात समावेश होई.

कॅप्टन जॉन गॉडफ्रे याने १७४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात शरीराच्या कोणत्या भागावर बसलेला ठोसा अधिक घातक ठरतो, याची चर्चा केली आहे. कानाखालचा भाग, दोन भुवयांमधील जागा आणि पोटाचा वरचा भाग यांचा त्याने विशेष उल्लेख केला. विशेष म्हणजे खुद्द ब्रॉटनची कारकीर्द १७५० मध्ये अशाच एका ठोशाने संपली. जॅक स्लॅक याचा ठोसा त्याच्या डोळ्यांच्या मध्ये बसला, डोळे सुजून मिटले आणि समोरचे काही दिसेनासे झाल्याने त्याला हार पत्करावी लागली. धैर्य व अनुभव यांची त्याच्याकडे वाण नव्हती, परंतु डोळ्यांभोवतीच्या मऊ भागाला कोणतीही मेहनत टणक करू शकली नाही.

शास्त्रशुद्ध म्हणता येईल अशा तालमीचे प्रसिद्ध उदाहरण १८११ मधील आहे. टॉम क्रिब आणि गुलामगिरीतून मुक्त झालेला कृष्णवर्णीय अमेरिकी योद्धा टॉम मोलिनो यांच्यातील दुसऱ्या लढतीपूर्वी कॅप्टन बार्कले याने क्रिबला स्कॉटलंडमध्ये नेऊन चालणे, धावणे व नियंत्रित आहार यांच्या साहाय्याने तयार केले. क्रिबचे वजन सुमारे १०० किलोवरून ८५ किलोच्या आसपास आले. २८ सप्टेंबर १८११ रोजी झालेल्या लढतीत क्रिबने मोलिनोचा जबडा मोडला आणि अकराव्या फेरीत विजय मिळवला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, बार्कलेने क्रिबचे डोके टणक केले नव्हते, तर त्याचा दमसास वाढवला होता. दमलेल्या माणसाचे हात खाली येतात, पाय जड होतात आणि न चुकवता आलेले ठोसे वाढतात. दमसास वाढला की मार कमी लागतो. परंतु पाहणाऱ्याला मात्र ‘याला मार सोसतो’ असेच वाटते. आपण ज्या गल्लतीचा विचार करीत आहोत, तिचे मूळ येथेच दिसते.

२. हातमोजे आणि डोक्यावरील मार :

मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने ओळखले जाणारे व जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी तयार केलेले नियम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्या योद्ध्याला उठण्यासाठी दहा सेकंद आणि हातमोज्यांची सक्ती, ही या नियमांची प्रमुख अंगे होत. उघड्या मुठींनी झालेली अखेरची हेवीवेट अजिंक्यपदाची लढत १८८९ मध्ये जॉन एल. सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात झाली व ती ७५ फेऱ्या चालली. १८९२ मध्ये सलिव्हन हातमोजे घालून जेम्स कॉर्बेटविरुद्ध उतरला आणि एकविसाव्या फेरीत पराभूत झाला. कॉर्बेट हा मार सोसण्यापेक्षा मार चुकवण्यासाठी प्रसिद्ध होता.

हातमोज्यांमुळे खेळ सौम्य झाला, असे सामान्यतः मानले जाते. हे अर्धसत्य होय. मोज्यांमुळे चेहऱ्यावरील जखमा कमी झाल्या, हे खरे. परंतु मोजे मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताचे रक्षण करतात. उघड्या मुठीने कवटीवर जोरात प्रहार केल्यास हाताचीच हाडे मोडण्याचा धोका असतो, म्हणून जुने योद्धे डोक्यावर जपून मारीत. मोजे आल्यावर हा अटकाव दूर झाला. शिवाय दहा सेकंदांच्या नियमामुळे प्रतिस्पर्ध्याला थोडा वेळ का होईना पण भान हरपायला लावणे, हा विजयाचा सर्वांत जवळचा मार्ग ठरला. अशा रीतीने ठोशाचे लक्ष्य त्वचेकडून मेंदूकडे सरकले आणि सोसण्याच्या तालमीवरचा भर मात्र पूर्वीसारखाच कायम राहिला.

३. तालमीने काय कमावता येते? :

विसाव्या शतकाच्या आरंभी अंग मुरवण्याचे अनेक उपाय प्रचलित होते. १९१९ मध्ये जेस विलर्डला नमवून जगज्जेता झालेला जॅक डेम्प्सी चेहरा व हात खारवणाच्या पाण्यात भिजवीत असे आणि जबडा बळकट व्हावा म्हणून झाडाचा चिकट डिंक चघळीत असे. पोट टणक करण्यासाठी त्यावर जड चामडी चेंडू आदळून घेणे आणि मान कसण्यासाठी डोके व टाचा जमिनीवर टेकवून शरीराची कमान करणे, हे व्यायाम सर्वत्र रूढ झाले.

या उपायांची आज तपासणी केली, तर त्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिला गट निश्चितपणे उपयोगी ठरणाऱ्या उपायांचा आहे. पोटाचे स्नायू कमावलेले असतील आणि ठोसा बसण्याच्या क्षणी श्वास सोडून ते आवळले, तर आतील अवयवांवरील आघात कमी होतो. पोटावरील मार सोसण्याची शक्ती खऱ्या अर्थाने वाढवता येते. मार लागला तरी न गोंधळणे, डोळे न मिटणे, भीतीने अंग ताठ न करणे, हे मानसिक गुणही सरावानेच येतात.

दुसरा गट मर्यादित उपयोगाच्या उपायांचा असून त्यात मानेचा व्यायाम येतो. मान बळकट असेल आणि ठोसा येताना दिसला असेल, तर मानेचे स्नायू आधीच आवळले जातात व डोके धडाशी जखडले जाऊन त्याला बसणारा हिसका कमी होतो. अमेरिकेतील शालेय खेळाडूंच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६,७०४ मुलामुलींच्या मानेची ताकद मोजण्यात आली. मानेची ताकद एक पौंडाने वाढली की मेंदूला धक्का बसण्याची शक्यता ५ टक्क्यांनी घटते, असा संबंध त्यात आढळला. मात्र हे खेळाडू फुटबॉल, बास्केटबॉल व लॅक्रॉस खेळणारे होते, हे विसरता कामा नये. मुष्टियुद्धातील ठोशाचा वेग पाहता न दिसलेल्या ठोशापुढे मानेच्या स्नायूंना आवळण्यास सवडच मिळत नाही. अनेकदा योद्ध्याला लोळवतो तो सर्वांत जोरदार ठोसा नसून न दिसलेला ठोसा असतो, या जुन्या अनुभवाचे कारण हेच होय.

तिसरा गट निरुपयोगी उपायांचा आहे. खारवणाने त्वचा राठ होत असेलही, परंतु कवटीच्या आतील इंद्रियापर्यंत खारवण पोहोचत नाही. आणि डोक्यावर वारंवार ठोसे घेऊन डोक्याला त्यांची सवय लावणे, हा उपाय तर निरुपयोगीच नव्हे, तर उलट परिणाम करणारा आहे. स्नायूला ताण दिला की तो विश्रांतीत पूर्वीपेक्षा बळकट होऊन भरून येतो. हाडातही अशी क्षमता काही प्रमाणात असते. मेंदूतील चेतातंतूंना आघातातून असे बळ मिळत नाही. तेथे प्रत्येक आघात हा जमा होत जाणारा खर्च असतो.

४. वैद्यकाची साक्ष :

या खर्चाचा पहिला ठळक हिशेब अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या नेवार्क शहरातील वैद्यकीय परीक्षक डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मांडला. १९२८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्यांनी ‘पंच ड्रंक’ या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला. ठोशांमुळे दारू प्यायल्यासारखी अवस्था होणे, असा या शब्दाचा अर्थ. अडखळती चाल, मंदावलेल्या हालचाली, थरथर, अस्पष्ट बोलणे आणि अखेरीस बुद्धिभ्रंश, ही लक्षणे आखाड्यातील लोकांना परिचित होती. मार्टलँड यांनी त्यांना वैद्यकीय चर्चेत स्थान दिले.

मार्टलँड यांचे एक निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. त्यांच्या मते हा विकार विशेषेकरून बचावात कच्च्या असलेल्या, एक निर्णायक ठोसा मारण्याच्या आशेने स्वतः पुष्कळ मार खाणाऱ्या योद्ध्यांत आढळे. तसेच इतरांच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि दिवसातून अनेकदा खाली पाडल्या जाणाऱ्या दुय्यम दर्जाच्या योद्ध्यांतही तो सर्रास दिसे. मार सोसण्याचा सराव जर उपकारक असता, तर या सरावातील जोडीदारांइतके सुरक्षित कोणीच नसते. कारण तितका सराव अन्य कोणालाच मिळत नव्हता. प्रत्यक्षात तेच सर्वांत आधी बळी पडत होते. अंग मुरवण्याच्या सिद्धान्ताला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते. तरीही ते ऐकले गेले नाही. कारण लढतीचा निकाल त्याच रात्री जाहीर होत असे, तर मेंदूचा निकाल दहा-वीस वर्षांनी लागत असे.

पुढील काळात पुरावा वाढत गेला. ए. एच. रॉबर्ट्स यांनी ब्रिटनमधील १९२९ ते १९५५ या काळात परवाना घेतलेल्या व्यावसायिक योद्ध्यांपैकी यदृच्छ निवडलेल्या २५० जणांपैकी २२४ जणांची तपासणी केली. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३७ जणांत, म्हणजे सुमारे १७ टक्के योद्ध्यांत, मेंदूच्या इजेची लक्षणे आढळली. लढतींची संख्या व कारकिर्दीचा काळ वाढेल तसे हे प्रमाणही वाढत होते. १९७३ मध्ये कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ दिवंगत योद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध करून आघातांनी मेंदूच्या रचनेत होणारे बदल दाखवून दिले. मेंदूच्या दोन भागांमधील पातळ पडदा फाटणे, हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या पेशींचा ऱ्हास आणि चेतापेशींत प्रथिनांचे गुंते होणे, हे त्यांपैकी प्रमुख बदल होत.

५. ठोशाचे भौतिकशास्त्र :

मेंदू मुरत का नाही, या प्रश्नाचे उत्तर भौतिकशास्त्राने दिले. १९४१ मध्ये डेनी-ब्राउन व रसेल यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की, डोके मोकळेपणाने हलू शकत असेल, तर तुलनेने सौम्य आघातानेही शुद्ध हरपते. डोके जखडलेले असल्यास त्याहून बराच मोठा आघात लागतो. १९४३ मध्ये ऑक्सफर्ड येथील ए. एच. एस. हॉलबोर्न यांनी जिलेटिनच्या प्रतिकृतींच्या साहाय्याने असे प्रतिपादन केले की, डोके एकाएकी गर्रकन फिरल्याने मेंदूच्या आत निर्माण होणारा पीळ हा इजेचे मुख्य कारण होय.

या विवेचनातून हनुवटीचे गूढही उकलते. हनुवटीत कोणतेही मर्मस्थान दडलेले नाही. मानेच्या अक्षापासून ती सर्वांत पुढे असल्याने ती तरफेच्या टोकासारखे काम करते आणि तिच्यावर बाजूने बसलेला ठोसा डोके झटक्यात फिरवतो. म्हणूनच हनुवटी छातीकडे ओढून घेणे, हे प्रशिक्षकांचे जुने सांगणे शास्त्राच्या कसोटीवर उतरते. त्यातून ठोशाला मिळणारी तरफ कमी होते. हनुवटीचे हाड टणक करण्याने मात्र काहीही साधत नाही.

ठोशाची तीव्रता किती असते, याची कल्पना १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या मोजणीवरून येते. हेवीवेट योद्धा फ्रँक ब्रुनो याच्या ठोशाचे कमाल बल ४,०९६ न्यूटन भरले. ठोसा लागल्यापासून अवघ्या १४ सहस्रांश सेकंदांत हे बल कमाल पातळीला पोहोचले आणि त्यामुळे प्रतिकृतीच्या डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५३ पट त्वरण मिळाले. सुमारे ६ किलो वजनाचा, आवरण घातलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने आदळावा, तसा हा आघात होता. एवढ्या अल्प वेळात शरीराची कोणतीही प्रतिक्षिप्त क्रिया पूर्ण होऊ शकत नाही.

येथे अनुवंशाचाही विचार करणे क्रमप्राप्त आहे. १९९७ मध्ये ३० योद्ध्यांवर झालेल्या एका अभ्यासात अनेक लढती खेळलेल्या ज्या योद्ध्यांत एपीओई-४ हा जनुकीय प्रकार होता, त्यांच्यात मेंदूची इजा अधिक तीव्र दिसून आली. म्हणजे सोसण्याच्या शक्तीतील जो फरक आखाड्यात तालमीचे फळ म्हणून गौरवला जातो, त्यातील काही भाग जन्मतःच ठरलेला असू शकतो.

६. मुहम्मद अली : सोसण्याची किंमत :

या संपूर्ण इतिहासाचे सार मुहम्मद अली यांच्या कारकिर्दीत एकवटलेले दिसते. १९६७ पर्यंतच्या पहिल्या पर्वातील २९ लढतींत ते अपराजित होते आणि त्यांचा बचाव चपळ पायांवर अवलंबून होता. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्याने त्यांना सुमारे साडेतीन वर्षे खेळापासून दूर राहावे लागले. १९७० मध्ये ते परतले, तेव्हा पूर्वीची चपळता उरली नव्हती. मात्र आपण मार सोसू शकतो, हा एक नवा गुण त्यांना स्वतःत आढळला. सरावातही जोडीदारांना आपल्या अंगावर मनसोक्त ठोसे मारू देण्याची पद्धत त्यांनी अवलंबली.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे दोरांना टेकून त्यांनी जॉर्ज फोरमनचे ठोसे मुख्यतः हातांवर व अंगावर झेलले आणि फोरमन दमल्यावर आठव्या फेरीत त्याला खाली पाडले. सोसण्याच्या कलेचा हा परमोच्च विजय मानला जातो. परंतु त्यानंतर १९७५ मध्ये मनिला येथे जो फ्रेझियरविरुद्ध १४ फेऱ्या आणि १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्ध १५ फेऱ्या त्यांनी जो मार खाल्ला, तो चिंताजनक होता. शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर त्यांचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्यांची साथ सोडली. १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्धची लढत अलींच्या प्रशिक्षकांनी थांबवली. ६१ व्यावसायिक लढतींत अली वेळेपूर्वी पराभूत झाले, ते याच एका लढतीत. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सन विकाराच्या लक्षणसमूहाचे निदान झाले आणि ३ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विकारात ठोशांचा वाटा किती होता, याविषयी वैद्यकतज्ज्ञांत मतभेद आहेत. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या क्षमतेमुळे ते लढती जिंकत राहिले, त्याच क्षमतेमुळे ते आखाड्यात अधिक काळ राहिले आणि अधिक ठोसे खात राहिले. काचेचा जबडा असलेला योद्धा लवकर खाली पडतो आणि लवकर निवृत्त होतो. दगडी हनुवटी ही म्हणूनच पूर्णतः वरदान म्हणता येत नाही.

७. नियमांतील बदल :

चिवटपणाचा धोका १३ नोव्हेंबर १९८२ रोजी अधिकच भीषण रूपात पुढे आला. लास व्हेगास येथे दक्षिण कोरियाचा किम डुक-कू हा रे मँचिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत झुंजत राहिला आणि कोसळल्यावर चार दिवसांनी मरण पावला. या घटनेनंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने अजिंक्यपदाच्या लढतींच्या फेऱ्या १५ वरून १२ वर आणल्या व अन्य संघटनांनी पुढे तिचे अनुकरण केले. योद्ध्याने किती सोसावे, हे केवळ त्याच्या हिंमतीवर सोडता येणार नाही, ही या बदलामागील खरी कबुली होती.

हौशी मुष्टियुद्धात १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून शिरस्त्राण आले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुष गटातून ते काढून टाकले आणि २०१६ चे रिओ ऑलिंपिक पुरुषांनी शिरस्त्राणाविना खेळले. महिलांसाठी ते कायम राहिले. या निर्णयावर बरीच चर्चा झाली. शिरस्त्राण जखमा व सूज निश्चितपणे कमी करते, परंतु डोक्याचे गर्रकन फिरणे ते पुरेसे रोखू शकत नाही. म्हणजे बाहेरून लावलेले कवच असो वा तालमीने कमावलेले कवच असो, दोहोंची मर्यादा एकच आहे. दोन्ही कवटीच्या बाहेर राहतात.

निष्कर्ष :

१. पोटाचे स्नायू, दमसास, मानेची ताकद व मनाची स्थिरता यांना तालीम देऊन मुष्टियोद्धा विशिष्ट मर्यादेत मार अधिक चांगल्या प्रकारे सोसू शकतो.

२. डोक्यावर वारंवार ठोसे खाऊन मेंदू ‘मुरतो’, या समजाला इतिहासात व शास्त्रात आधार सापडत नाही. उलट असा सराव करणारेच आधी बळी पडल्याचे १९२८ पासून नोंदले गेले आहे.

३. ‘सोसण्याची शक्ती’ म्हणून जिचा गौरव झाला, तिचा मोठा भाग वास्तविक ठोसा वेळीच दिसणे, हनुवटी झाकणे, ठोशाच्या दिशेने डोके वळवून त्याचा जोर कमी करणे, अशा बचावकौशल्याचा आहे.

४. उभे राहणे व सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लढतीचा निकाल पहिली मोजतो, दुसरी मोजत नाही.

आपल्याकडील महाविद्यालयीन व जिल्हा पातळीवर मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने हा इतिहास केवळ माहितीचा विषय नाही. मान व पोट कसण्याचा व्यायाम, दमसास आणि बचावाचे तंत्र यांवर प्रशिक्षकांनी भर द्यावा. डोक्यावर पूर्ण ताकदीने ठोसे मारण्याचा सराव कमीत कमी ठेवावा. ठोसा लागून भोवळ आलेल्या खेळाडूला, त्याने कितीही आग्रह धरला तरी, वैद्यकीय तपासणीशिवाय पुन्हा आखाड्यात उतरवू नये. ‘सवय होईल’ हे आश्वासन स्नायूंच्या बाबतीत खरे आहे, मेंदूच्या बाबतीत नाही. जुन्या योद्ध्यांनी हा भेद स्वतःच्या आयुष्याचे मोल देऊन सिद्ध केला आहे. नव्या पिढीला तो पुन्हा सिद्ध करावा लागू नये, ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे.